बाकीच्या संस्कृती मेल्या म्हणजे नक्की काय झालं?

नीलकाठ (धागाकर्ता)

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक मजकूर वरचेवर फिरतो. इजिप्त संपला, बाबिलोन संपलं, पर्शिया संपला, पाच हजार वर्षं अखंड चालत आलेले जगात फक्त आपणच. खाली काका-आत्यांचे हात जोडलेले नमस्कार. मी नोकरीनिमित्त कैरोत राहतो, त्यामुळे 'इजिप्त संपला' वाचलं की उत्तर द्यायला हात शिवशिवतात. पण तिथे वाद नको म्हणून इथे लिहितोय.

फेब्रुवारीत इथे असा वारा सुटतो की वाळत घातलेले कपडे शेजारच्या इमारतीतून आणावे लागतात. आमच्या इमारतीचा बव्वाब (वॉचमन, प्लंबर, बातमीदार, सगळं एकच माणूस) म्हणतो, अमशीर लागलाय, आता असंच चालायचं. अमशीर हा इंग्रजी महिना नाही आणि इस्लामीही नाही. तो कॉप्टिक, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिश्चनांच्या, पंचांगातला आहे. बारा महिने, प्रत्येक तीस दिवसांचा, आणि वर्षाच्या शेवटी पाच दिवसांचा तुकडा, लीप वर्षी सहा. लीपचा दिवस सोडला तर ही मांडणी थेट फॅरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्ती राजांच्या, काळातली. पहिला महिना तूत, म्हणजे थोथ देवाचा. तिसरा हातूर, हाथोर देवीचा. बव्वाब पाच वेळा नमाज पढणारा मुसलमान आहे, थोथशी त्याला काही देणंघेणं नाही. पण हातूरमध्ये गहू पेरायचा, तूबातली थंडी तरुण पोरीची म्हातारी करते, बरमहात लागला की शेतात जा आणि पीक घेऊन या, हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. गावाकडचे बरेच शेतकरी अजून याच महिन्यांवर बोलतात.

तर प्रश्न असा: ही संस्कृती मेली की नाही? जिवंत म्हणायला कमीत कमी काय शिल्लक हवं? देव? भाषा? जेवण? आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. फॉरवर्ड नकोत, त्यांचा साठा माझ्याकडे भरपूर आहे.

खोडकर_बंड्या

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

गोदातीर

धागा चांगला आहे, पण मूळ मजकुराला तुम्ही फार लवकर निकालात काढलंत. महिन्यांची नावं आणि म्हणी टिकल्या म्हणजे संस्कृती टिकली? फॅरोंचा मोठा देव आमेन, त्याची पूजा आज कोण करतं? चित्रलिपीतला शेवटचा तारीखवार लेख इ.स. ३९४ चा, फिलेच्या देवळातला. सहाव्या शतकात रोमी सम्राट जस्टिनियनने ते देऊळही बंद केलं. त्या लेखानंतर जवळजवळ चौदाशे वर्षं ती लिपी वाचू शकणारा एक माणूस जगात नव्हता. स्वतःच्या आजोबांची पाटी नातवाला वाचता येत नाही, याला तुटणं नाही तर काय म्हणायचं?

आता आपल्याकडे बघा. नाशकात आमच्या घराजवळ वेदपाठशाळा आहे. तिथली दहा-बारा वर्षांची मुलं संहिता, पद, क्रम करत घनापर्यंत जातात. घनपाठात शब्द पुढे-मागे असे गुंफतात की एक अक्षर हललं तरी चूक उघडी पडते. गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात, मध्ये खंड नाही. युनेस्कोनेही ही परंपरा २००३ साली मानवी वारसा म्हणून जाहीर केली. याच्या तोडीचं इजिप्तमध्ये काही असेल तर दाखवा, मी आनंदाने वाचेन.

खापरशोध्या

गोदातीर, वेदपाठाबद्दल दुमत नाही. तो खरोखरच जगावेगळा प्रकार आहे.

पण चौदाशे वर्षांत मेली ती लिपी. भाषा नाही. प्राचीन इजिप्ती भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक. ती ग्रीक अक्षरांत लिहितात, आणि ग्रीकमध्ये नसलेल्या उच्चारांसाठी सहा-सात चिन्हं जुन्या इजिप्ती देमोतिक लिपीतून घेतलेली. अरबी आल्यावर ती बोलीतून हळूहळू गेली, पण कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनेत आजही आहे. फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने १८२२ मध्ये चित्रलिपीचं कोडं सोडवलं, ते त्याला कॉप्टिक येत होती म्हणून. पॅरिसमधल्या एका कॉप्टिक धर्मगुरूकडून तो शिकला होता. म्हणजे आजोबांची पाटी वाचायला शेवटी नातवाची बोलीच कामी आली.

आपली बाजूही तपासून बघा. हडप्पाची मुद्रा आपल्याला वाचता येते का? पाच हजार वर्षं म्हणताना आपण सुरुवात तिथूनच करतो ना?

गोदातीर

हडप्पाची लिपी आज ना उद्या वाचली जाईल. आणि भाषा प्रार्थनेत आहे असं म्हणता, तर ती प्रार्थना येशूची आहे, आमेनची नाही. भांडं जुनं, आत दुसरंच.

वऱ्हाडी_ठेचा

गोदातीर भाऊ, पूजेतले मंतर म्हणनाऱ्या किती लोकायले अर्थ समजते हो? आमच्या घरी भटजी आले की आम्ही 'मम' म्हनाची वाट पाहतो फक्त. भांड्याचं काय घेऊन बसले.

(दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मालवणी_बांगडो

ता सगळा ऱ्हवांदे. जेवणाचा काय तां सांगा. जेवणात काय टिकला?

नीलकाठ

बांगडोसाहेब, तुमच्याच विषयावर येतो.

कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, इथे शम्म अन-नसीम असतो. वसंताचा सण. सार्वजनिक सुट्टी, आणि मुसलमान-ख्रिश्चन दोघांचा. सकाळपासून अख्खं कैरो घराबाहेर. नाईलचा काठ, बागा, प्राणिसंग्रहालय, रस्त्याच्या मधल्या हिरवळीच्या पट्ट्यासुद्धा सोडत नाहीत. चटई, चहाचा स्टो, आणि फसीख. बोय जातीचा मासा मिठात घालून आठवडेच्या आठवडे आंबवलेला. तुमच्या खाऱ्या बांगड्यासारखा वाळका नाही, आतून ओला आणि मऊ. त्याच्याबरोबर कांद्याची पात, लेट्यूस, लिंबू, रंगवलेली उकडलेली अंडी आणि बलदी, म्हणजे इथला गावठी, पाव.

वासाबद्दल एवढंच सांगतो की त्या दिवशी लिफ्टमध्ये शिरू नये. दर वर्षी सणाआधी आरोग्य खातं जाहीर करतं की फसीख खाऊ नका, नीट आंबला नसेल तर बोटुलिझम होतो, माणूस दगावतो. लोक ते टीव्हीवर बघतात आणि फसीखच्या दुकानासमोर रांगेत उभे राहतात. माझ्या सहकाऱ्याच्या आईने मला एक तुकडा भरवला, खूप लिंबू पिळून. मी खाल्ला. पुन्हा खाणार नाही.

इथला कोणीही सांगेल की हा सण फॅरोंच्या काळापासून आहे. ईस्टरला कसा चिकटला, याचं इथे मिळणारं उत्तर असं: कॉप्टिक लोकांच्या मोठ्या उपासात मासे-अंडी वर्ज्य, मग हे सगळं खायचा सण उपास सुटल्यावरच येणार.

मालवणी_बांगडो

उपास सुटलो की मासो. म्हणजे आमचा गणपतीनंतरचाच गणित. हे लोक आपलेच.

कोकणकन्या७५

ओला आंबवलेला मासा… नको गं बाई. पण रेसिपी असेल तर टाका. बघायला काय जातंय.

खापरशोध्या

आता थोडं पाणी ओततो, माफ करा.

शम्म अन-नसीम फॅरोंच्या काळापासून आहे हे इजिप्तमध्ये सगळे सांगतात. फॅरोंच्या काळात खारवलेले मासे होते, कांदे होते, सुगीचे सणही होते, त्याचे पुरावे आहेत. पण हे सगळं एकत्र करून असाच सण तेव्हापासून दर वर्षी न चुकता चालत आला, हे दाखवणारी साखळी वेगळी लागते. मधल्या शतकांचा कागद बोलत नसेल तर आपण दोन टोकं बघतो आणि मनातल्या मनात गाठ मारतो. आमच्या विषयात ही सवय मोडायलाच पहिलं वर्ष जातं.

लक्झरचं उदाहरण घ्या, ते जास्त मजेशीर आहे. लक्झरच्या देवळात, अक्षरशः खांबांच्या मध्ये, सूफी संत अबू अल-हज्जाज यांची मशीद आहे. संत तेराव्या शतकातले. तेव्हा देऊळ वाळू-मातीत बुजलेलं होतं आणि वस्ती वर चढली होती, म्हणून मशिदीचा जुना दरवाजा आज खालच्या अंगणापासून हवेत लटकल्यासारखा दिसतो. यांच्या उरुसात गावभर मिरवणूक निघते आणि तिच्यात होड्या असतात, गाड्यांवर चढवून ओढलेल्या. आता तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी याच गावात ओपेतचा उत्सव व्हायचा. आमेन, मूत आणि खोन्सू यांच्या मूर्ती होड्यांमध्ये ठेवून कर्नाकहून लक्झरला आणायचे. देवळाच्या भिंतीवर ती मिरवणूक कोरलेली आहे. भिंत आणि रस्ता शेजारी-शेजारी बघितले की अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही.

पण ओपेत नाईलच्या पुराच्या दिवसांतला. उरूस शाबान महिन्याच्या मध्यावर, चांद्र पंचांगाने, म्हणजे तो सगळ्या ऋतूंतून फिरतो. देव गेला, ऋतू गेला. उरलं काय? होडी, रस्ता आणि गाव. याला 'तोच उत्सव' म्हणायचं का, यावर अभ्यासकांत अजून भांडणं आहेत. माझं स्वतःचं मत: संबंध असणार, पण शपथेवर सांगणार नाही.

एकवीरेची_लेक

खापरशोध्या, शपथेवर नका सांगू, कार्ल्याला चला. आम्ही कोळी. दर वर्षी चैत्रात आईच्या यात्रेला पालखी घेऊन जातो. आईचं देऊळ कुठे आहे? बौद्ध लेण्याच्या तोंडाशी. आत दोन हजार वर्षांचं चैत्यगृह, दारात आमची एकवीरा. इतिहासकार दामोदर कोसंबींनी यावरच लिहून ठेवलंय की या घाटातल्या व्यापारी वाटांवर, लेण्यांच्याही आधीपासून, मातृदेवींची ठाणी असावीत. भिक्षू आले, गेले, आई आहेच.

जुन्नरजवळ लेण्याद्रीला तर गणपतीच बौद्ध विहारात बसलाय, आणि अष्टविनायकाच्या बसमधल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ताही नसतो. जागेचं पावित्र्य टिकतं, मालक बदलतो. लक्झरमध्ये नवीन ते काय झालं?

गोदातीर

एकवीरेची_लेक, कोसंबींचं ते अनुमान आहे, पुरावा नाही. पण मुद्दा पोचला.

दादरची_बानू

इतका वेळ वाचत होते, पण 'पर्शिया संपला' वर आम्हाला बोलायला हवं. आम्ही इथेच आहोत की! दादर पारसी कॉलनीत या, चहा देते.

पण आमच्या सातत्याची गंमत ऐका. आमचं नवं वर्ष तुमच्या सरकारी सुट्टीच्या यादीत ऑगस्टमध्ये असतं ना? इराणमध्ये नवरोज २१ मार्चच्या आसपास, वसंतसंपाताला. मग आमचं पावसात कसं? कारण आमच्या शहेनशाही पंचांगात वर्ष ३६५ दिवसांचं आणि लीपचा दिवस नाही. दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकत सरकत वसंत ऋतू ऑगस्टमध्ये आला. पूर्वी मधूनमधून एक जादा महिना घालून हिशेब सावरायची रीत होती. हिंदुस्थानातल्या पारशांनी तो एकदा घातला, इराणातल्यांनी घातला नाही, आणि नंतर आम्हीही सोडून दिलं. हे लक्षात आल्यावर १७४५ मध्ये सुरतेत काही मंडळी इराणी हिशेबाला गेली, ते कदमी. त्यांचं नवं वर्ष आमच्या महिनाभर आधी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिसरे निघाले, फसली, ते म्हणाले चला परत २१ मार्चला. एवढासा समाज आणि तीन नववर्षं. त्यावरून भांडणं किती झाली असतील ते तुम्हीच समजा.

आणि गंमत म्हणजे २१ मार्चला आम्ही जमशेदी नवरोजही करतोच. सण कोण सोडतं?

आग मात्र एकच. इराणशाह आतश बेहराम, आमचा सर्वांत पवित्र अग्नी. संजाणला प्रतिष्ठापना, मग स्वारी आली तेव्हा तुमच्या बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरातल्या गुंफांत लपवला, मग वांसदा, नवसारी, आणि १७४२ पासून उदवाड्याला. इराणात यझ्दचा अग्नी इ.स. ४७० च्या सुमाराचा सांगतात, तोही असाच जागा बदलत आलेला. आमच्याकडे जागा टिकली नाही, विस्तव टिकला.

खोडकर_बंड्या

तीन नववर्षं म्हणजे तीन वेळा धानसाक? कुठे अर्ज करायचा?

दादरची_बानू

अरे बाबा, धानसाक शुभ दिवशी करत नाहीत! तो घरात कोणी गेल्यावर चौथ्या दिवसानंतर करतात. सणाला रवो, शेवया, पुलाव-डाळ. एवढं तरी शिकून घे.

तिथीपंडित

बानूताई, तुमचं सरकतं वर्ष आणि धागाकर्त्यांचं कॉप्टिक वर्ष यांचं दुखणं एकच आहे. प्राचीन इजिप्तचं वर्षही ३६५ दिवसांचं, लीप नसलेलं. तेही ऋतूंमधून सरकायचं. इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातल्या तिसऱ्या टॉलेमीच्या काळात, इ.स.पू. २३८ मध्ये, कॅनोपस शहरात जमलेल्या पुजाऱ्यांनी ठराव केला की दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवा. ठराव दगडात तीन लिप्यांत कोरला आणि पाळला कोणीच नाही. शेवटी ऑगस्टसने रोमी सत्ता आल्यावर लीपचा दिवस बसवला. म्हणून बव्वाबचा अमशीर आज दर वर्षी वाऱ्याच्याच दिवसांत येतो. बाहेरच्या राज्यकर्त्याने पंचांग दुरुस्त केलं म्हणून ते शेतकऱ्याच्या कामाचं राहिलं, आणि कामाचं राहिलं म्हणून टिकलं. पुजाऱ्यांच्या हातात असतं तर महिन्यांची नावं नुसत्या पोथीत उरली असती.

इथिओपियातही हेच पंचांग, फक्त महिन्यांची नावं वेगळी. तिथल्या पर्यटन खात्याची जाहिरातच होती, तेरा महिने ऊन.

बसराबाबू

मी दक्षिण इराकमध्ये तेलाच्या कामावर होतो. बसऱ्याच्या उत्तरेला दलदलीचा प्रदेश आहे, तिथे पाहुण्यांसाठी मुधीफ बांधतात. पूर्ण वेताचा दिवाणखाना, एक खिळा नाही. तीन-चार माणसं उंचीच्या लव्हाळ्याच्या मोळ्या करून जमिनीत रोवतात, वरून वाकवून समोरच्या मोळीला बांधतात, अशा कमानींची रांग. वर चटया. आत चुलीवर कॉफी.

ब्रिटिश म्युझियममध्ये उरुक या प्राचीन सुमेरी शहराच्या काळातली, पाच हजार वर्षांपूर्वीची, दगडी द्रोणी आहे. तिच्यावर कोरलेली वेताची झोपडी मी नंतर फोटोत पाहिली. मी ज्यात बसून कॉफी प्यालो तीच. सुमेरी भाषा गेली, देव गेले, बांधणारे शिया अरब आहेत, सुमेरी कथांतला राजा गिल्गामेश वगैरे त्यांना ठाऊक नाही. पण लव्हाळं तेच, पाणी तेच, त्यामुळे घरही तेच.

आणि हे जवळजवळ आपल्या डोळ्यांदेखत संपणार होतं. १९९१ च्या उठावानंतर सद्दामने बंधारे घालून दलदल सुकवली. लोक परागंदा झाले. २००३ नंतर लोकांनीच बांध फोडले आणि पाणी परत आलं, सगळं नाही, पण आलं. २०१६ मध्ये जागतिक वारशात गेलं. तिथला एक म्हातारा मला म्हणाला, वारसा-बिरसा ठीक आहे, वरून तुर्कस्तान पाणी सोडेल का ते सांग.

खापरशोध्या

बसराबाबू, हे सगळ्यात भक्कम उदाहरण. तरी एक खोडी काढतो: लव्हाळं आणि दलदल असली की कोणीही शेवटी तसंच घर बांधेल, परंपरा असो नसो. कदाचित टिकली ती दलदल.

बसराबाबू

एक मोळी बांधून दाखवा, मग बोलू. हाताला शिकवल्याशिवाय येत नाही ते.

बडोदेकर

हातावरून आठवलं. आम्ही बडोद्याचे मराठी. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या पुरातत्त्ववाल्यांनी केनोयर आणि विदाले या परदेशी पुरातत्त्वज्ञांबरोबर खंभातच्या अकीक कारागिरांचा अभ्यास केला होता, हडप्पाचे मणी कसे बनत ते कळावं म्हणून. ते वाचून मी खंभातला गेलो.

खडे येतात रतनपूरच्या खाणींतून. खाणीतून काढल्यावर उन्हात वाळवायचे, मग मातीच्या भांड्यात भरून शेण्यांच्या मंद आचेवर भाजायचे. दगडातल्या लोहामुळे पिवळट-तपकिरी खडा तांबडा होतो, लालबुंद अकीक. मग कारागीर जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी कांब पुढे घेऊन बसतो, खडा तिच्या टोकाला टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टोला मारतो. एक कपची उडते. पुन्हा टोला. बघता बघता दगडाचा मणी होतो. लोथलच्या उत्खननात मण्यांचा कारखाना आणि भाजण्याची भट्टी मिळाली ती याच आखाताच्या काठी, चार हजार वर्षांपूर्वीची.

खापरशोध्या विचारायच्या आत सांगतो: नाही, सगळं तेच नाही. हडप्पाकडे लोखंड नव्हतं. ते भोक पाडायला एका विशिष्ट कठीण दगडाची सळई वापरायचे, लांब मण्याला दिवसच्या दिवस लागत. आता हिऱ्याच्या टोकाचा सामता असतो. आणि कारागिरांचा पीर कोण? बाबा घोर, आफ्रिकेतून आलेले सिद्दी संत. रतनपूरला त्यांचा दर्गा आहे, अकीकचा धंदा त्यांनीच वाढवला अशी श्रद्धा. तेव्हा पाच हजार वर्षं अखंड आपण, यातल्या 'आपण'मध्ये कोणाकोणाला धरायचं ते ग्रुपवर आधी ठरवा.

एक वाईट गोष्टही सांगतो. मणी घासताना उडणाऱ्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस होतो. तरुण वयात माणसं जातात. परंपरा म्हणून फोटो काढणाऱ्यांत मीही होतो, पण त्या धुळीत मी काही मिनिटंच होतो.

वऱ्हाडी_ठेचा

बडोदेकर, शेवटचा परिच्छेद वाचून गप झालो राव.

आर्यपुत्र_१

हडप्पा म्हणजे वैदिकच. सरस्वती नदी सिद्ध झाली आहे. डीएनए वाचा.

डीएनए_वाचलेला

वाचला. तुम्ही कोणता वाचलात?

संपादक मंडळ

आर्य-आक्रमण या विषयावर स्वतंत्र धागे आहेत, सगळे कुलूपबंद. हा त्या यादीत जाऊ नये अशी इच्छा आहे. यापुढचे दोन्हीकडचे प्रतिसाद उडवले आहेत.

खोडकर_बंड्या

संपादकांनी पाच हजार वर्षांचं सातत्य एका क्लिकमध्ये मोडलं.

ओसाकाकर

जपानमध्ये ईसेचं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं बांधतात आणि मग जुनं उतरवतात. इ.स. ६९० पासून, मध्ये लढायांमुळे खंड पडला तो सोडून. शेवटचं २०१३ मध्ये, बासष्टावं. लाकूड सगळं नवीन. जुनं काय आहे विचाराल तर सुतारकाम.

सध्या एवढंच, मीटिंग आहे.

एकवीरेची_लेक

आणि सरकारी सातत्याचं काय? २०२१ च्या एप्रिलमध्ये कैरोत बावीस राजा-राण्यांच्या ममी सोन्याच्या रथासारख्या गाड्यांतून नव्या संग्रहालयात नेल्या, प्राचीन भाषेतली स्तुती गायली, तोफांची सलामी दिली. मी यूट्यूबवर पाहिलं, डोळे दिपले. पण ते जिवंत म्हणायचं का? मला तर ते लग्नातल्या पेशवाई थीमसारखं वाटलं.

नीलकाठ

माझ्या ओळखीचे इजिप्ती लोक त्या रात्री खरोखर भारावले होते, त्यामुळे नुसतं नाटक म्हणवत नाही. पण फरक सांगतो. त्या रात्रीनंतर कोणाच्या घरात काही बदललं नाही. अमशीरच्या वाऱ्यात खिडक्या लावणं आणि फसीखसाठी रांग लावणं कोणी आदेश काढून सुरू केलेलं नाही.

अर्थात उलट उदाहरणंही असतात. असिरियन ख्रिश्चन लोक १ एप्रिलला नववर्ष करतात, जुन्या मेसोपोटेमियातल्या अकितू सणाच्या नावाने. आजच्या रूपात तो विसाव्या शतकात उभा राहिला. पण जगभर विखुरलेल्या, पुन्हा पुन्हा कत्तली सोसलेल्या समाजाला त्या एका दिवसाने धरून ठेवलंय. दोन-तीन पिढ्या केलं की पोरांसाठी ते आजोबांपासूनचंच होतं.

गोदातीर

सगळे प्रतिसाद वाचले. माझी भूमिका थोडक्यात: कृती टिकणं आणि कृतीमागचा भाव टिकणं या दोन पायऱ्या आहेत. मुधीफ बांधणाऱ्याला गिल्गामेश माहीत नाही, उरुसातली होडी ओढणाऱ्याला आमेन माहीत नाही. वेदपाठशाळेतल्या मुलाला अर्थ उशिरा कळत असेल, पण तो कोणाची स्तुती म्हणतोय हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. हा फरक मी सोडणार नाही. 'बाकी सगळे मेले' हे वाक्य मात्र मी इथून पुढे फॉरवर्ड करणार नाही, एवढं नक्की.

खापरशोध्या

फरक मान्य. फक्त एक जोड: त्या मुलाच्या संहितेतला इंद्र आज किती देवळांत आहे? भाव आपल्याकडेही सरकलाय, आपण आत बसलोय म्हणून सरकणं दिसत नाही इतकंच.

गोदातीर

इंद्रावर वेगळा धागा काढतो. तिथे या.

अस्वान_पाहिलेली

उशिरा आले. तुम्ही सगळे ३९४ आणि ६९० बोलताय म्हणून लिहिते. आम्ही अस्वानला फिलेचं देऊळ पाहिलं. गाइडने होडीत सांगितलं की हे बेट फिले नाहीच. धरणांच्या पाण्यात देऊळ बुडत होतं, म्हणून १९७० च्या दशकात दगड दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभं केलं. अबू सिंबेलही तसंच उचललं, जगभरातून पैसे आले. पण त्याच धरणासाठी उठवलेल्या नूबियन लोकांबद्दल आमच्या टूरच्या माहितीपत्रकात एक ओळ नव्हती. नीलकाठ, याबद्दल काही सांगाल?

नीलकाठ

हो. अस्वानच्या उंच धरणाच्या जलाशयासाठी १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या नूबियातली गावंच्या गावं उठवून कोम ओम्बोजवळ नव्या वसाहतींत नेली. नूबियन म्हणजे फॅरोंचे शेजारी, कधी प्रजा, आणि एके काळी फॅरोही, पंचविसावं घराणं त्यांचंच. त्यांचं सगळं नदीशी बांधलेलं. बाळ जन्मलं की नाईल, लग्न झालं की नाईल, नदीतल्या अदृश्य रहिवाशांना घास द्यायचा तो नाईलमध्येच. आधी ख्रिश्चन झाले, मग मुसलमान, तरी हे सुटलं नव्हतं. नवी घरं मिळाली ती काठापासून दूर, सरकारी चाळीसारख्या रांगांत. घास कुठे टाकणार?

आणि धरणामुळे नाईलचा वार्षिक पूरही थांबला. ज्या पुरावर हे तूत-बाबा-हातूरचं वर्ष बसवलं होतं, तो पूरच आता येत नाही. देवळं वाचवायला युनेस्को होती. तेव्हा साखळी तोडली कोणी हा प्रश्न विचारायचा तर फक्त जस्टिनियनकडे बोट दाखवून चालणार नाही.

उजनीकाठ

इंदापूरकर इथे. आमच्या पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे. गाव वर नव्या गावठाणात आलं. उन्हाळ्यात धरणाची पातळी फार उतरली की देऊळ उघडं पडतं, मग बघायला ही गर्दी. पुण्याहून ड्रोनवाले येतात. आमच्या आजीसारखी माणसं जायची ती शिखर बघायला नाही, आपलं घर कुठे होतं ते चिखलात शोधायला. धरणात बुडालेल्या गावांवर कोणी वेगळा धागा काढणार असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

संपादक मंडळ

उजनीकाठ, तुम्हीच काढा. या धाग्याचा दुवा आम्ही तिथे जोडू.

कोकणकन्या७५

आणि फसीखची रेसिपी राहिलीच.